पिल्लाने आधी कुणाला पाहिले

ओल्या पेंढ्याचा कोंदट वास आला, की मला डिचोलीतल्या आमच्या घरातला तो पुठ्ठ्याचा खोका आठवतो. जवळच्या खाणीत सुरुंग उडाला की आमची राजहंसाची मादी बिचकून घरट्यावरून उठायची, आणि एकदा उठली ती परत बसलीच नाही. मग मी तिची अंडी खोक्यात पेंढ्यावर ठेवून वर बल्ब टांगला. महिनाभर ती हाताने फिरवली, त्यांच्यावर कोमट पाणी शिंपडले, आणि वीज गेली की गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. सासूबाई येता-जाता खोक्याजवळ थांबून ओरडायच्या, "सगळ्या घराक घाण मारता, फेकून दी ती अंडी!" घाण खरोखरच सुटली होती; एक सोडून सगळी अंडी नासली. त्या एकाला मात्र शेवटी तडा गेला आणि आतून बारीक चिवचिव ऐकू आली. राजहंसाचे पिल्लू बाहेर येताच ज्याला आधी पाहते त्यालाच आई मानते, म्हणून मी तिथून हलायला तयार नव्हते, पण दुसऱ्या दिवशी सासूबाईंचेच औषध संपले म्हणून बाजारात जावे लागले. बस चुकली, यायला दुपार टळली. येऊन पाहते तर पिवळे पिल्लू अंगणात सासूबाईंच्या मागे-मागे धावत होते. "पळय गे, हें माका आवय समजता!" त्या लाजत म्हणाल्या. मी उकिडवी बसून हाका मारल्या, भिजवलेल्या कण्या पुढे धरल्या. पिल्लाने माझ्या हातातल्या कण्या खाल्ल्या आणि धावत जाऊन ते पुन्हा त्यांच्या लुगड्याला चिकटले. सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. घरात हा किस्सा अजून हसत-हसत सांगतात, आणि दर वेळी मी उठून स्वयंपाकघरात जाते.