ढवळेबाई आणि मुंगळ्यांची वाट

पहिल्याच भेटीत ढवळेबाईंनी माझ्या नाकापुढे बोट धरलं आणि म्हणाल्या, "हुंगा." मी दोन पावलं मागे सरलो. पारनेरच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या नव्या प्राध्यापिका येणार एवढंच मला ठाऊक होतं. त्या येता येता दारातला मुंगळा चिमटीत दाबून आणतील हे कुणी सांगितलं नव्हतं. भिडेखातर हुंगलं, तर नाकात आंबट झिणझिणी गेली. ते फॉर्मिक आम्ल. मुंगळ्याने मारलेली ती हाक होती, असं त्यांनी मला समजावलं.

मी प्रयोगशाळेचा प्रमुख. आमच्या घरातलं सोवळं वडिलांबरोबर गेलं, पण त्याची खोड माझ्या हाताला राहिली. रोज संध्याकाळी फडकं आणि स्पिरिट घेऊन सगळी टेबलं मी स्वतः पुसायचो. शिपायाने पुसलेलं मला पुसलेलं वाटायचंच नाही.

बाई मूळच्या काष्टीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. वर्गात पुस्तकी बोलायच्या, पण मुंगळ्यांचा विषय निघाला की गावची भाषा तोंडात यायची. मुंगळे वासाने बोलतात हे मला काही केल्या पटेना, तेव्हा एकदा त्या म्हणाल्या, "आमच्या काष्टीच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं धरून बैलाचा सौदा करत्यात. भायेर एक सबूद न्हाई. मुंगळ्यांचं तसंच हाय सर, फकस्त त्यांचा रुमाल पोटात असतो."

त्या पोटातलाच शोध त्यांचा पीएच.डी.चा विषय होता. अन्न सापडलेला मुंगळा परतताना जमिनीवर वासाची रेघ ओढतो आणि बाकीचे त्या रेघेवरून जातात. ती रेघ पोटातल्या कुठल्या ग्रंथीतून येते, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. मैदानातल्या बाभळीखालचं वारूळ त्यांनी काचेच्या पेटीत वसवलं. तास संपले की सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी मुंगळ्याचं पोट उघडायचं, आतडं बाजूला काढून टाकायचं, विषाची ग्रंथी आणि तिच्या शेजारची बारीक ग्रंथी वेगळी करायची, तिचा अर्क काढून ब्रशने कागदावर रेघ ओढायची आणि पेटीचं दार उघडायचं. मुंगळे बाहेर येत आणि रेघेपाशी पोचताच सैरावैरा पळत. एकही त्या रेघेवरून चालत नसे.

असं दोन वर्षं चाललं. पोरांनी त्यांचं नाव मुंगळेमॅडम ठेवलं. स्टाफरूममध्ये कुणी साखरेचा डबा पुढे करून "तुमच्या लेकरांना" म्हणे, तर बाई खरंच चमचाभर साखर कागदात बांधून घेत. शेवटी मार्गदर्शकांचं पत्र आलं: या सत्रात काही हाती लागलं नाही तर विषय सोडावा लागेल, नोंदणीची मुदत संपत आली आहे. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना सुया गरम पाण्यात टाकल्या. मी म्हटलं, जरा विश्रांती घ्या. तर म्हणाल्या, "मुंगळा थांबतो का वाट चुकल्यावर? गोल फिरतो, पन फिरतो."

पुढच्याच आठवड्यात मला परीक्षेच्या देखरेखीसाठी एक दिवस श्रीगोंद्याला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पिरिटची बाटली घेऊन आलो, तर बाईंच्या टेबलावर वहीचा कागद चिकटवलेला: "सर, पुसू नका."

पेटीचं दार रात्रभर किलकिलं राहिलं होतं. मुंगळे टेबलाच्या कडेने एका ओळीत, जराही न चुकता चालले होते. बाई बाजूला उभ्या होत्या. त्या कडेलाच त्या रोज सुई पुसत, आतडं काढून झालं की. कोंबडी साफ करतानाही आतडं आधी फेकायचं असतं, तसं त्या ते घाण म्हणून फेकत आल्या होत्या. वाट त्या आतड्याच्या मागच्या भागातच होती. दोन वर्षं ती रोज दुपारी टेबलावर उमटत होती आणि रोज संध्याकाळी मी ती स्पिरिटने साफ करत होतो.

बाईंनी ना आनंद केला, ना मला बोल लावला. कोरे कागद मागितले. एका रेघेला अर्काशिवायचं नुसतं द्रावक, दुसरीला ग्रंथी, तिसरीला आतडं. मग कागद फिरवून पुन्हा, मग नव्या वारुळातले मुंगळे आणून पुन्हा. सत्र संपेपर्यंत त्यांनी रविवार पाहिला नाही.

पदवी मिळाली आणि त्यांना दुसरीकडे मोठी जागा मिळाली. निघायच्या दिवशी मी एकदाचं बोललो, की बाई, तुमची दोन वर्षं मी पुसली. मला फार लाज वाटते.

त्या पेटी बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमी पुसत हुता, मी फेकत हुते. आपल्या दोगांनाबी घरनं सोच्छपना शिकवलेला."

मग माझ्या हातातलं फडकं घेऊन त्यांनी आपलं टेबल पुसलं. पण आधी त्या वाकल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ते नीट बघून घेतलं. मी अजूनही टेबलं रोज पुसतो. आता मला वेळ लागतो.