गरम कोपऱ्यातले शुक्रवार

कुवेतमध्ये गाडी कितीही झाडा, पायपुसण्याखाली वाळू निघतेच. आमच्या कयाकिंगच्या किश्श्यांचं अगदी तसंच आहे. घरी कोणी चहाला आलं आणि मी एक किस्सा सांगितला की त्याच्याखालून दुसरा निघतो. मग नवरा मुकाट्याने उठून भात टाकतो, कारण आता पाहुणे जेवूनच जाणार हे त्याला कळलेलं असतं.

आठवडाभर मी एका कंपनीत हिशेब तपासते. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी सकाळी मी गाइड असते. सालमियाहून दक्षिणेला गेलं की इथल्या लोकांचे समुद्रकाठचे सुट्टीचे बंगले लागतात, त्यांना शाले म्हणतात. त्या शालेंच्या मधोमध समुद्राचं पाणी आत घेऊन केलेला एक मोठा तलाव आहे. लाट नाही, प्रवाह नाही. तिथे आम्ही लोकांना कयाकमधून फिरवून आणतो. कयाक म्हणजे प्लास्टिकची लांबुळकी होडी, एकट्याची किंवा जोडीने बसायची.

मी गाइड म्हणून चांगली आहे. हे मीच सांगते, कारण दाऊदभाई सांगणार नाहीत. दाऊदभाई आमचे मुख्य गाइड. गाव संगमेश्वराकडचं, बिऱ्हाड खैतानला, आणि आवाज असा की काठावरून हाक मारली तर पलीकडच्या शालेमधला माणूस चहा सोडून बाहेर येतो. मला ते "बाय" म्हणतात. मी एखादी बुडती होडी सरळ करून आणली तर म्हणतात, "बरं केलंस बाय, पण उशीर केलास."

*

मराठी माणसाला पाण्यावर नेण्यात एकच अडचण असते. पाणी नव्हे, डबा.

पहिल्यांदा मिलिंद आणि गौरी आले तेव्हाची गोष्ट. मिलिंद आयटीत, गौरी बँकेत, सालमियात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. सोबत शाळकरी लेक अन्वी आणि एक भलामोठा कूलबॉक्स. त्यात थालीपीठं, दही, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, चहाचा थर्मास आणि "लागलाच तर" म्हणून शिरा. तासाभराची तर टूर! मी समजावलं की काठावर ठेवा, आल्यावर खाऊ. गौरी म्हणाली की तलावाच्या मध्यभागी बसून थालीपीठ खायचं हे तिने आठवडाभर मनात धरलं आहे.

दाऊदभाईंनी कूलबॉक्स उचलून पाहिला आणि शांतपणे सांगितलं की होडीत एवढं वजन चालणार नाही. एक तर हा बॉक्स, नाहीतर एक माणूस.

गौरीने क्षणभर विचार केला.

"मिलिंद, तुला तसंही पाण्याची भीतीच वाटते ना?"

मिलिंद काठावर थांबला आणि थालीपीठं फिरून आली. परत येईपर्यंत एकच उरलं होतं, तेही गौरीने प्रेमाने त्याच्यासाठी राखलेलं. बिचाऱ्याने दह्याशिवाय खाल्लं.

*

पुढच्या शुक्रवारी मिलिंद डब्याशिवाय आणि हट्टाने आला. दोघं एका होडीत बसली. पुढे गौरी, मागे मिलिंद. नियम साधा असतो: पुढच्याने वल्ह्याचा ताल धरायचा, मागच्याने दिशा सांभाळायची. पण ज्या घरात गाडी चालवणारा एक आणि रस्ता सांगणारा दुसरा असतो, त्या घरात हा नियम टिकत नाही.

गौरी डावीकडे मारत होती, मिलिंदही डावीकडे. मग दोघांनाही चूक एकदमच कळली आणि दोघंही उजवीकडे मारायला लागली. होडी जागच्या जागी गोल गोल. आवाज चढत चालले होते. मी मध्ये पडणार होते, पण दाऊदभाईंनी हाताने थांबवलं. नवरा-बायकोच्या होडीत तिसऱ्याने वल्हं घालू नये, असं त्यांचं स्पष्ट मत आहे.

तेवढ्यात अन्वी धक्क्यावरून ओरडली, "मम्मा, इट्स ओके! डॅड इज जस्ट लुकिंग फॉर पार्किंग!"

सालमियात ज्याने संध्याकाळी पार्किंग शोधलं आहे त्याला ही चेष्टा कुठे लागते ते कळेल. दोघंही इतकी हसली की वल्ही खाली पडली. होडी आपोआप सरळ झाली.

*

आता जरा गंभीर. तलाव आणि होड्या ज्यांच्या, ते बू नासिर. माणूस दिलदार, पण वाट पाहणं त्यांच्या स्वभावात नाही. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही, एकच प्रश्न: "कम नफर?" म्हणजे उद्या माणसं किती?

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला माझं उत्तर बहुतेक वेळा लाजिरवाणं असायचं. उन्हाळ्यात इथे पाण्यावर जायची सोय नाही, आणि थंडी पडली की अख्खं कुवेत वाळवंटात तंबू ठोकायला जातं. एका गुरुवारी मी आकडा सांगितल्यावर बू नासिरांनी तो पुन्हा सांगायला लावला. मग सांगितलं की हिवाळा संपेपर्यंत पाहतो. शुक्रवार भरले नाहीत तर होड्या विकून जेट-स्की आणणार आणि दाऊदला भावाच्या गोदामात पाठवणार, शुऐबाला. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, बू नासिरांच्याच नावावर, त्यामुळे दाऊदभाईंनी नाही म्हणायचा प्रश्न नव्हता.

शुऐबा म्हणजे कारखाने आणि बंदर. दाऊदभाईंनी तिथे बरीच वर्षं काढली आहेत. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते लाइफ जॅकेट वाळत घालत होते. घालतच राहिले.

"समुद्र तिथं पण दिसतो बाय," ते म्हणाले. "पण कुंपणातून."

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला. मी त्याच दिवशी ठरवलं की ह्या माणसाला मी गोदामात जाऊ देणार नाही. हिशेब तपासणारी बाई एकदा पेटली की आकडा जुळवल्याशिवाय झोपत नाही.

*

आकडा जुळवला मात्र मी नाही. तो जुळवला कमलआजींनी.

कमलआजी म्हणजे मिलिंदची आई. कराडहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या. दोन्ही गुडघे दुखरे, म्हणून दिवसभर फ्लॅटमध्ये बसून असायच्या आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी पाहायच्या. एका शुक्रवारी मिलिंदने त्यांना नुसतं काठावर बसायला आणलं. दाऊदभाईंनी पाहिलं आणि प्लास्टिकची हाताची खुर्ची धक्क्याच्या टोकाला लावून, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ते, असं करत आजींना नऊवारीसकट कयाकमध्ये बसवलं. वर केशरी लाइफ जॅकेट. आजींनी एवढंच विचारलं की हे कुंकवाला लागणार नाही ना.

तलावाचा एक कोपरा आहे, तिथे पाणी कोमट असतं. शालेंचं स्वतःचं एक यंत्रघर आहे, समुद्राचं पाणी गोडं करणारं. तिथून गरम पाणी त्या कोपऱ्यात सोडतात. आजींनी तिथे सहज हात बुडवला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अगं, हे तर उन्हाळं!"

दाऊदभाई तर खूशच झाले. त्यांच्या गावाशेजारी अशीच उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आहेत, लहानपणी त्यांची आजी तिथेच पाय शेकायची. दोघं लगेच गावाकडच्या झऱ्यांवर बोलायला लागली, कुठलं जास्त कढत, कुठल्याला गंधकाचा वास. मी प्रामाणिक बाई. मी आजींना स्पष्ट सांगितलं की हा झरा नाही, यंत्रातून आलेलं पाणी आहे, ह्याने काही बरं होत नाही.

आजींनी पाय पाण्यात सोडले. डोळे मिटले.

"पाणी कुठून येतं ते मी विचारलं नाही, पोरी. तू वल्हं मार."

*

पुढच्या शुक्रवारी आजी हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आल्या. गरम पाण्याच्या जागी रिकाम्या हाताने जायचं नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की तलावात काहीही टाकायचं नाही, हा नियम. आजी म्हणाल्या, बरोबर आहे, पाणी घाण करूच नये. मग त्यांनी पिवळ्या कयाकच्या नाकावर हळद-कुंकू लावलं, नारळ काठावर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. उरलेला अर्धा नारळ दाऊदभाईंनी खैतानला नेला, तो माशाच्या कालवणात गेला.

दुपारी बू नासिर आले. होडीवरचे लाल ठिपके पाहून त्यांचा चेहरा उतरला. कोणाला लागलं, किती लागलं, हॉस्पिटल कोणतं, एका दमात विचारून टाकलं. मी समजावलं की रक्त नाही, आशीर्वाद आहे. त्यांनी ठिपक्यावर बोट फिरवलं, वास घेतला आणि पुसायचं नाही असं सांगून निघून गेले.

तेव्हापासून ती होडी सगळ्यात आधी बुक होते. तिच्यावरून भांडणंही झाली आहेत.

*

मग आजींचे गुडघे व्हॉट्सॲपवर गेले. त्यांनी फक्त आपल्या भिशीच्या ग्रुपवर लिहिलं होतं की जरा बरं वाटतंय, जिना उतरताना कठडा धरला नाही. मेसेज फिरत फिरत परत कुवेतला आला, आणि बघता बघता फरवानिया, मंगाफ, फहाहील, जिथे जिथे कोणाची आई किंवा सासू व्हिसावर आली होती, तिथून फोन यायला लागले. प्रत्येकीला मी आधी सांगायचे की हे औषध नाही. प्रत्येकजण म्हणायची, हो हो, माहीत आहे, आणि जागा पक्की करायची.

दाऊदभाईंनी तर पद्धतच बसवली. होडीत बसवायच्या आधी ते डॉक्टरच्या गांभीर्याने विचारायचे, "कोणता?" उजवा म्हटलं की होडी अशी वळवायचे की उजवा पाय यंत्रघराच्या बाजूला यावा. दोन्ही म्हटलं तर अर्ध्या वेळाने होडी फिरवायची. एकदा एका सासू-सुनेला मी एका होडीत बसवलं. सासूबाईंचा डावा दुखत होता, सुनेचा उजवा. होडी कोणत्या बाजूने लावायची यावर असा वाद पेटला की दोघींनी मिळून शेवटी मलाच झापलं. काठावर सून म्हणाली, लग्नानंतर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

गुरुवारी बू नासिर विचारायचे, "कम नफर?" आणि मी आकडा सांगायचे, जरा हळूच, म्हणजे त्यांना पुन्हा विचारायला लागावं.

तरी त्यांचा विश्वास बसेना. गुडघ्यांवर धंदा चालतो हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी ते म्हणाले की हिवाळ्यातल्या शेवटच्या शुक्रवारी स्वतः येऊन बघतो, मग ठरवतो.

*

त्या शुक्रवारी हवा बोचरी होती. धक्का आज्यांनी भरलेला. शाली, मोजे, कानटोप्या, वरून केशरी जॅकेटं. बू नासिर पांढऱ्याशुभ्र दिशदाशात, म्हणजे इथल्या घोळदार पायघोळ अंगरख्यात, हात मागे बांधून उभे.

दाऊदभाई नेहमीप्रमाणे कोपऱ्यात पुढे जाऊन पाणी बघून आले. परत आले ते चेहरा पडलेला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, यंत्र बंद हाय. दुरुस्ती काढलीय. पाणी बर्फ."

त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच हळू झालेला ऐकला. पण खोटं बोलायचं नाही हे माझं पहिल्यापासूनचं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की आज पाणी गार आहे, ज्यांना परत जायचं त्यांनी खुशाल जावं.

सगळ्याजणी कमलआजींकडे बघायला लागल्या.

"दाऊदने हात घातला असेल," आजी म्हणाल्या. "गुडघा कुठे घातलाय?" आणि खुर्चीकडे चालायला लागल्या.

पिवळ्या होडीत त्या पुढे बसल्या. मिलिंद आला नव्हता, मागे वल्हं मारायला कोणी नव्हतं. आजींनी धक्क्यावर नजर फिरवली आणि बू नासिरांकडे बोट दाखवलं. त्यांना मराठी येत नाही, आजींना अरबी येत नाही, पण आईच्या वयाच्या बाईने बोटाने बोलावल्यावर काय करायचं ते कुठल्याही भाषेत एकच असतं. बू नासिर दिशदाशा आवरून मुकाट मागे बसले.

कोपऱ्यात आम्ही सगळ्या होड्या एका रांगेत लावल्या. आजींनी पाय पाण्यात सोडले. चेहऱ्यावर काही नाही. मग मागे वळल्या आणि बू नासिरांना खूण केली: तुम्हीही. त्यांचा एक गुडघा तरुणपणी फुटबॉलमध्ये गेलेला, हे दाऊदभाईंनी आजींना कधी सांगितलं होतं देव जाणे. बू नासिरांनी घोळ गुडघ्यावर घेतला, पाय पाण्यात घातले आणि दचकून जवळजवळ उभेच राहिले.

"बारिद!" ते माझ्याकडे बघून ओरडले. म्हणजे थंड.

आजींनी मला विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं.

"त्याला सांग, आधी सगळ्यांना तसंच लागतं. काढू नकोस म्हणावं."

मी अरबीत सांगितलं. बू नासिरांनी आजींच्या पाठीकडे पाहिलं. पाय काढले नाहीत. दाऊदभाई वल्हं मांडीवर आडवं धरून बसून होते. परत निघाल्यावरच बू नासिरांनी पाय वर घेतले. धक्क्यावर उतरले आणि गाडीत बसून गेले. लंगडत होते की नाही यावर दाऊदभाईंचं आणि माझं आजही एकमत नाही.

पुढच्या गुरुवारी फोन आला. मी आकडा तयार ठेवला होता, पण त्यांनी विचारलाच नाही. म्हणाले, दाऊद कुठेही जात नाही. मग म्हणाले, "इतनेन नफर." दोन माणसं. ते आणि त्यांची आई.

मी म्हटलं, नक्की या, खुर्ची तयार ठेवते. आणि आनंदाची बातमी म्हणून सांगितलं की यंत्र दुरुस्त झालं आहे, पाणी पुन्हा छान गरम आहे.

मग बू नासिरांनी काळजीच्या सुरात विचारलं:

"यंत्र एक दिवस बंद नाही का ठेवता येणार?"