गंभिरे मास्तर आणि कागदावरचं माप

मालाला हात लावताना गंभिरे मास्तर डोळे मिटायचे. ब्रेकच्या भागाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, मग भोकात मापाचं गेज घालायचे आणि मगच तक्त्यावर आकडा लिहायचे. चाकणच्या आमच्या कंपनीत एवढा वेळ घालवणारा इन्स्पेक्टर दुसरा नव्हता. लातूरकडचा हा माणूस तत्त्वज्ञानात एम. ए. झालेला. प्राध्यापकी मिळाली नाही म्हणून क्वालिटीत येऊन पडला, तरी पोरांनी त्याला मास्तरच केलं.

चहाच्या सुट्टीत ते आम्हाला युरोपातलं जुनं भांडण सांगत. तीन-चारशे वर्षांपूर्वी तिकडे एक पक्ष म्हणायचा, ज्ञान इंद्रियांतूनच येतं. बघा, चाचपा, मोजा. दुसरा म्हणायचा, वस्तू म्हणजे मनातल्या कल्पनाच. कुणाच्याच जाणिवेत नसेल ती वस्तू नाहीच. मास्तर पहिल्या पक्षाचे. "पण दुसरीबी माणसं प्रामाणिक होती," ते म्हणायचे. "आपल्या कंपनीनं तिसराच पक्ष काढलाय. कागदावर हाय म्हणजे हाय."

खोटं नव्हतं ते. दर तासाला माप घ्यायचा नियम, आणि आम्ही सकाळी मशीन सुरू व्हायच्या आत अख्ख्या शिफ्टचे रकाने भरून मोकळे व्हायचो. मी लाइनचा सुपरवायझर, मीही भरायचो. मास्तर तक्ता हातात घेऊन विचारायचे, "बघितलाव का? मग लिहिलाव कसं?" आम्ही हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

एकदा गेटवर ट्रक उभा असताना मास्तरांनी सगळा लॉट अडवला. दहा-बारा भाग मोजले, तर निम्म्यांची भोकं मोठी होती. तक्त्यावर मात्र सगळं ठीक. मॅनेजर म्हणाले, रिपोर्ट बरोबर आहे, सही करा. मास्तरांनी तक्त्यावर आडवं लिहिलं, 'भाग जन्माला येण्याआधी तपासले आहेत.' सही केली नाही. तरी माल गेलाच. कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये तो बसला असेल, हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

शिक्षा झाली ती मास्तरांना. त्यांनी मॅनेजरला शिवीगाळ केली, असा आरोप ठेवून चौकशी लावली, आणि साक्षीदार म्हणून मला उभं केलं. लॉट अडवला त्या वेळी मी तिथंच होतो. मास्तरांनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. पण मला कायम करण्याचं पत्र मॅनेजरच्या टेबलावर सहीला पडून होतं. माझ्या तोंडचा जबाब त्यांनी आधीच टाइप करून ठेवला होता. मी सही केली. हरामखोर कंपनीला म्हणायचं, तर स्वतःला काय म्हणायचं?

मास्तरांना काढलं त्या दुपारी मोशीच्या बसची वाट बघत ते स्टॉपवर उभे होते. मी मान खाली घालून जवळ गेलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. शिकवताना बोलायचे तसेच बोलले.

"आता ते घडलं, राव. तुमची सही हाय, म्हणजे मी शिव्या दिल्या. दिल्या नव्हत्या, हे आता फक्त माझ्या डोक्यात उरलं. एकट्याच्या डोक्यातलं खरं किती दिवस टिकतंय, बघू."

ते एकट्याच्या डोक्यात नव्हतं. माझ्याही होतं, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. एवढं बोलून ते थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी मान वळवून बस येते का ते बघू लागलो.