ज्वारीच्या कोठीशेजारची गाणी

पूर्णेला संघप्रियाताईंच्या स्वयंपाकघरात, ज्वारीच्या कोठीशेजारी, जुन्या लुगड्याखाली झाकलेला एक कॉम्प्युटर आहे. ताई शाळेत लिपिक. शाळेनं भंगारात काढलेला हा डबा त्यांनी ऑटोत घालून आणला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्यापरीस गिरणी आणली असतीस, तर पीठ तरी निघालं असतं."

नवी विंडोज त्याला झेपेना. ताईंनी मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत फुकटची लिनक्स टाकली, आत मोठी हार्ड डिस्क बसवली. इंटरनेट मात्र जोडलं नाही. दर रविवारी विहारात वंदना झाली की त्या बायकांचे मोबाइल मागून घेत आणि त्यांतली गाणी घरी आणून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवत. सगळ्यात जास्त विहारात येणाऱ्या म्हाताऱ्या शेतमजूर कस्तुराबाईंची. त्यांनी खुरपता खुरपता रचलेली ती गाणी. अक्षरओळख नसल्यामुळे कागदावर एकही नाही.

गेल्या हिवाळ्यात कस्तुराबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. उन्हाळ्यात नात मनिषाचं लग्न ठरलं आणि तिनं हट्ट धरला, हार घालताना आजीचंच गाणं लागलं पाहिजे. घरातल्या मोबाइलवर शोधलं, तर काहीच नाही. तिचा काका सिद्धोधन मान खाली घालून म्हणाला, "चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या शूटिंगला मोबाइलात जागा पुरंना. जुनं समदं पुसलं म्या."

"मिरवणूक दरसाली निघती," मनिषाची आई, कस्तुराबाईंची सून पंचफुला तडकली. "आत्याबाईचा आवाज निघनार हाय का आता?"

सगळे ताईंकडे आले. कस्तुराबाईंना खुर्चीसकट उचलून आणलं. कॉम्प्युटर काही लवकर सुरू होईना.

"उठायलाय का न्हाई ह्ये?" सिद्धोधननं विचारलं.

"म्हातारं हाय. दमानं उठतंय," ताई म्हणाल्या.

गाणं सापडलं. दोन कडवी झाली आणि आवाज तुटला. रेकॉर्डिंग चालू असताना कुणाचा तरी फोन आला होता. मनिषा रडायलाच लागली.

तेवढ्यात कस्तुराबाईंनी चालता असलेला डावा हात पंचफुलाच्या गुडघ्यावर मारला. पंचफुला वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या ओळीत खुरपलेली. तिनं घाबरत सुरुवात केली, "लेक निघाली सासरी गं, संगं भांड्यांची पेटी..."

गुडघ्यावर चापटी बसली.

"संगं पुस्तकांची पेटी?"

कस्तुराबाईंनी मान डोलावली. ताईंनी आपला मोबाइल आधी फोन येणार नाही असा करून ठेवला, मगच रेकॉर्डिंग सुरू केलं. चापट्या खात खात तिसरं कडवं पुरं व्हायला तासभर लागला.

"आत्या, ह्याच्यावर नाव कुणाचं टाकू?" ताईंनी विचारलं. कस्तुराबाईंनी आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि जरा विचार करून सुनेकडे दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी ताईंनी सगळ्या गाण्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढली आणि ती सिद्धोधनच्या हातात दिली.

"माझ्याकडं?" तो दचकला.

"तुझ्याकडंच. दोन घरी असलेलं बरं," ताई म्हणाल्या. "आन् पुढच्या मिरवणुकीआधी मोबाइल हिकडं घेऊन ये."