आल्याची बोटं

चहासाठी आलं हातात घेतलं आणि त्याचा तिखट वास आला, की मला घाटकोपरच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडलेले काका दिसतात. जेवण तोडलं की पोटातली गाठ उपाशी मरते, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, आणि ताटातला भात तसाच सुकून जायचा. मी तेव्हा अशा गाठी कशा वाढतात, कसा आकार घेतात, याची गणितं मांडायचे. एका दुपारी वैतागून मी लॅपटॉपच त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर दोन गाठी होत्या: पोटभर खायला मिळालेली बटाट्यासारखी गोल, आणि उपाशी ठेवलेली आल्यासारखी, चहूकडे बोटं फुटलेली. “ही नुसती गणितातली गाठ आहे हो काका,” मी म्हणाले, “पण तुम्ही जेवा ना.” त्यांनी पडद्यावरच्या त्या आल्यावर बोट ठेवलं. “उपाशी रवलां की हातपाय पसरता,” ते म्हणाले, “आमीव तसेच मुंबैक इलंव.” मग त्यांनी ताट ओढलं, एक घास घेतला आणि पोटावर हात ठेवून आतल्या गाठीला हळूच म्हणाले, “जेव गो बाय, तू पन जेव.” चार घास गेले, ते सगळे उलटून पडले. आजही मी आधी आल्याची बोटं मोडून टाकते, मगच ते ठेचते.