क्रेनवाल्या काकांचा बेलर

दुसऱ्याने टाकून दिलेलं लोखंड दिसलं की ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं असा माणूस अख्ख्या आखातात एकच होता, आणि तो नेमका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. शारजातल्या अल नहदाच्या आमच्या इमारतीत मुलं त्यांना क्रेनवाले काका म्हणत, कारण दुबईतल्या उंच क्रेनची देखभाल हे त्यांचं काम. मुलांमुळे आम्हीही त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणू लागलो. काका आमच्याकडे आले की आधी फ्रिजला कान लावायचे, मग माझी चौकशी करायचे. लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे राहायचे आणि बाहेर पडताना वॉचमनला सांगायचे, "भाई, इसका बेअरिंग रो रहा है." अल बर्शाला एका ओळखीच्यांकडे गणपतीची आरती चालू असताना ते मधूनच गायब झाले. शोधलं तर स्वयंपाकघरात स्टुलावर उभे, हातात एक्झॉस्ट फॅनचं पातं, आणि तोंडाने आरती चालूच. "पंखा उलटा बसवलाय तुम्ही," यजमानांना त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं, "तळणाचा सगळा धूर देवाच्या नाकात." लोकांच्या चुका काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मग मंदी आली. दुबईच्या आभाळातल्या क्रेन होत्या तिथे थांबल्या. पार्किंगमध्ये धुळीने माखलेल्या गाड्या उभ्या दिसू लागल्या. त्यांचे मालक कायमचे निघून गेलेले असत. आमच्या मजल्यावरची बिऱ्हाडं एकेक करत रिकामी झाली. काल जिन्यात भेटलेला माणूस आज नसे आणि कोणी विचारतही नसे, कारण उद्या आपल्याबद्दल कोणी विचारू नये असं प्रत्येकाला वाटत होतं. काकांना कंपनीने काढलं नाही, बिनपगारी रजेवर बसवलं. "म्हणजे खलासच," ते म्हणाले, "फक्त चमच्याचमच्याने."

अशा वेळी शहाणा माणूस बायोडेटा घेऊन हिंडला असता. काका शारजाच्या वाळवंटी भागातल्या धैदच्या शेतांकडे हिंडले आणि एका शेतावर त्यांना बेलर दिसला. वाळलेलं गवत जमिनीवरून उचलून, दाबून, त्याचे चौकोनी गठ्ठे सुतळीने बांधून मागून एकेक टाकणारं हे यंत्र. रंग उडालेला, चाकं वाळूत रुतलेली, आणि वर दोन शेळ्या निवांत रवंथ करत बसलेल्या. शेत राखणारा पठाण म्हणाला, "ये तो मर गया है, साहब." काका तोवर कमरेपर्यंत त्याच्या पोटात शिरले होते. आतूनच आवाज आला, "मरा नहीं है. भूखा है." काकूंचं माहेर पालघरच्या बाजूचं. तिथे त्यांच्या भावाची गवताची वखार होती आणि गडी अजून लाकडी दाबात हाताने गठ्ठे बांधत. यंत्र तिकडे न्यायचं, मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला जोडायचं आणि पुन्हा आखाताचं तोंड बघायचं नाही, असा बेत काकांनी त्या शेळ्यांच्या साक्षीने पक्का केला. साठवलेलं होतं नव्हतं ते त्यात गेलं. मुलीचं कॉलेज आणि दोघांचं म्हातारपण आता त्या गंजक्या पेटीच्या भरवशावर होतं. काकूंनी एवढंच विचारलं, "रुपयांत किती झाले?" काका म्हणाले, "रुपयांत विचारू नकोस. रुपयांत ते फार वाटतं."

यंत्रात गाठ मारणारे दोन भाग असतात, त्यांना नॉटर म्हणतात. एक शहाण्यासारखी गाठ मारायचा. दुसरा सुतळीला नुसता कुरवाळून सोडून द्यायचा, आणि मग गठ्ठा एका बाजूने फुटून वाळूत पसरायचा. काकांनी दोन्ही नॉटर खोलून घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. घरभर डिझेलचा वास. मुलगी वैतागून म्हणाली, "बाबा, कॅन वी हॅव द टेबल बॅक?" "एवढी गाठ बसू दे," काका म्हणाले, "मग टेबलही तुझं आणि कॉलेजही." हाताने दांडा फिरवत ते दिवसभर गाठी मारून बघत. आमची रद्दी बांधली, काकूंची कोथिंबीर बांधली, माझ्या मुलाच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या. एकदा मला दारात अडवून म्हणाले, "जरा बोट देता का?" मी दिलं नाही. अखेर दोष सापडला. नॉटरची लोखंडी जीभ झिजली होती. शारजाच्या भंगारबाजारात भर उन्हात हिंडून त्यांनी कुठल्यातरी खरोखरच मेलेल्या बेलरची जीभ मिळवली आणि कानशीने घासून बसवली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही सगळे धैदला गेलो. शेतावरचा ट्रॅक्टर जोडला, आतला दट्ट्या धपधप करू लागला आणि मागून एक गठ्ठा बाहेर पडला. दोन्ही सुतळ्या घट्ट. काका त्याच्याकडे बघत राहिले, मग हलकेच म्हणाले, "सैल नाही हो कुठे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही भरून आलं, कारण त्या सबंध वर्षात आम्ही कोणीही कुठलंही काम पूर्ण झालेलं पाहिलं नव्हतं.

काकांनी राजीनामा दिला. जी ग्रॅच्युइटी मिळाली ती जहाजाच्या भाड्याला लावली. यंत्र बंद पडलेल्या गाड्या वाहणाऱ्या रिकव्हरीच्या ट्रकवर चढवून धैदहून दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामात न्यायचं होतं. ट्रकच्या मागे काका आपल्या गाडीत, चारही दिवे लुकलुकवत, वरातीमागून निघालेल्या वरबापासारखे. दर थोड्या वेळाने ट्रक थांबवून ते दोर तपासत आणि ड्रायव्हर "यल्ला साहब, यल्ला", चला चला, करून मेटाकुटीला येई. गोदामात यंत्र कंटेनरच्या दारातून शिरेना, तेव्हा एक चाक काढावं लागलं. कार्गोच्या एजंटने बजावलं, "सर, अंदर घास का एक तिनका भी नहीं चाहिए. उधर पोर्टवाले रोक देंगे, बीज का लफडा है." झालं, घरचा व्हॅक्यूम क्लीनर आला, टूथब्रश आले, काकूंच्या हेअरपिनाही आल्या. सापडलेली प्रत्येक काडी काका मला चोर पकडल्यासारखी दाखवत.

कंटेनर बंद करायच्या दिवशी काकू आल्या. यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि गाडीच्या डिकीतून तो धैदचा गठ्ठा काढायला सांगितला. त्यांनी तो जपून ठेवला होता. "माझ्या माहेरी चाललंय ते," त्या म्हणाल्या. "शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही. हे रिकाम्या पोटी कसं पाठवायचं? एवढं माझं ऐका." एजंट चहाला गेला होता आणि त्याची ताकीद काकूंना ठाऊक नव्हती; ती सगळी साफसफाई त्यांना काकांचा नेहमीचा सोस वाटली होती. मी तोंड उघडलं, पण काकांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या बाईने नवऱ्याकडे काही मागितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि काकांनीही ऐकलं नसावं. त्यांनी गठ्ठा उचलला, यंत्राच्या पोटात खोल सारला आणि वर फडकं टाकलं. काकू समाधानाने हसल्या.

काकांचं बिऱ्हाड पालघरला गेलं. यंत्र मुंबईला उतरलं आणि बंदरातच अडकलं. परदेशी गवत, त्यात बी. यंत्र परत पाठवा नाहीतर त्यावर पाणी सोडा, असा निकाल झाला. गठ्ठा जाळा पण यंत्र द्या म्हणून काका खेटे घालत राहिले. बंदराचं भाडं चढत चढत यंत्राच्या किमतीवर गेलं, तेव्हा काकांनी त्यावर पाणी सोडलं. फोनवर मला फक्त "खलास" म्हणाले.

नंतर एकदा सुट्टीवर गेलो असताना मी पालघरला त्यांना भेटायला गेलो. मेव्हण्याच्या वखारीत लाकडी दाबापाशी उभे राहून काका हाताने सुतळी आवळत होते. बोटांना भेगा पडल्या होत्या. मुलगी कॉलेज अर्ध्यावर टाकून मोबाइलच्या दुकानात लागली होती. चहा देताना काकू म्हणाल्या, "कागद भरताना यांनी काहीतरी घोळ घातला हो. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, आणि स्वतःला एक कागद नीट भरता आला नाही." काका चहा फुंकत म्हणाले, "चुकलंच माझं."

ते मला एसटीपर्यंत सोडायला आले. मला राहवेना. म्हटलं, "काका, खरं सांगून टाका ना. काकू समजून घेतील."

"घेईल की," ते म्हणाले. "पण मग पुन्हा कधी काही मागायची नाही."

"आता मागतात?"

"परवा म्हणाली, मागच्या दारी मोगऱ्याचं रोप हवं." ते सांगताना त्यांचा ओढलेला चेहरा एकदम सुखावला. "आणलं मी. लावलंय. बघू, धरतंय का."

तेवढ्यात एसटी आली.