तीन विटांची खाट

तळहात गुडघ्याजवळ आडवा धरायचा आणि म्हणायचा, "ताई, गॅस हवेपेक्षा जड, इथून चालतो. आपलं नाक वर, म्हणून आपल्याला उशिरा कळतं."

मोरिवलीच्या नाक्यावर माझी चहाची टपरी होती तेव्हाची गोष्ट. तो समोरच्या केमिकल कारखान्यात गॅसच्या टाक्यांवर होता. बायको-मुलं गावी, इथे एकटा. आम्ही त्याला टाकीवाला म्हणायचो. त्याच्या खाटेच्या प्रत्येक पायाखाली तीन विटा होत्या. चढायला स्टूल लागायचं.

"भाऊ, पडलात तर कंबर मोडेल."

"मोडू दे. श्वास तर राहील."

एकच गोष्ट नीट कळलेली आणि तीच सगळ्यांना सांगत सुटणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा तसलाच.

एकदा त्याने माझी कणकेची परात मागितली. पाणी भरलं, एका कडेखाली काडेपेटी सरकवली. तांब्यात मीठ आणि कपड्यांची नीळ कालवून उंच कडेने हळूच ओतली. निळं पाणी वर पसरलं नाही. तळ धरून उताराने निघालं.

"तोंड बघा त्याचं. फुगलंय. गोल गोल घुसळतं आणि वरचं चांगलं पाणी आत ओढतं. जेवढं ओढेल तेवढं पातळ होतं."

खरंच, पलीकडे पोचेपर्यंत नीळ फिकी झाली होती. मग विटेचे दोन तुकडे जवळजवळ ठेवून त्याने मधे गल्ली केली आणि पुन्हा ओतलं. या वेळी निळं पाणी दाट ते दाटच गेलं.

"हा आपला नाला. बाजूने काही मिळतच नाही त्याला. मैदानात विरेल, नाल्यात विरणार नाही. त्यात वारा पडलेला असला तर घुसळणार कोण?"

"आणि माझी परात?"

"घासली की नीळ जाईल."

गेली नाही.

आमची वस्ती नाक्याच्या खाली, नाल्याला लागून, खोलगट जागेत. तो दारोदार सांगत फिरला. वास आला की टेकाडावरच्या देवळाकडे चढायचं. तोंडावर ओलं फडकं धरायचं. बायांना पाठ झालं. माझी जाऊ त्याची नक्कल करायची, एका हाताने पदर नाकाला, दुसरा हात गुडघ्याशी. आम्ही हसून हसून बेजार.

थंडीतली सकाळ होती. पान हलत नव्हतं. मी टपरी उघडत होते. आधी खोकला ऐकू आला, मग नाल्यातून काहीतरी पिवळट येताना दिसलं. कमरेएवढं उंच, माणूस चालतो त्या चालीचं. मी वरून ओरडले, "फडकं ओलं कर गं!"

जावेने ऐकलं. घरातले हंडे रिकामे होते. वस्तीचा नळ नाल्याच्या काठाला, सगळ्यात खाली. ती पदर भिजवायला तिकडे धावली. बाकीच्या कोरड्या पदराने टेकाड चढल्या. त्या वाचल्या.

तिसऱ्या दिवशी तो दारात आला. आत आला नाही.

"ताई, ओलं फडकं सांगितलं. पाणी कुठे आहे ते बघितलं नाही."

"नाही बघितलंत," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. ओरडलं कोण होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

त्यानंतर त्याने देवळापाशी झाकणाचा ड्रम ठेवला. रोज ड्युटीआधी खालून पाणी नेऊन भरायचा. मग टपरीवर यायचा. मी चहा द्यायची, तो प्यायचा. गुडघ्याशी हात धरणं त्याने सोडलं.

काही वर्षांनी त्याची छाती गेली, नोकरीही गेली. गावी निरोप धाडला होता, पण कोणी पोचायच्या आतच घरघर लागली. खोलीत शेजारचे चार जण आणि मी. एक म्हातारा म्हणाला, "आता त्याला खाली घ्या." आमच्यात माणसाला खाटेवर मरू देत नाहीत. दोघांनी खांद्याला धरलं.

त्याचे डोळे उघडे होते. तोंडातून शब्द फुटेना. हात तेवढा खाटेबाहेर आला. तळहात आडवा.

"हात लावू नका त्याला," मी म्हणाले. "वरच राहू दे."

"अहो मावशी, खाटेवर जीव गेला तर चांगलं नसतं."

"नसू दे."

दोघं मागे सरले. मी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि त्याच्या कानाशी वाकले.

"भाऊ, त्या दिवशी फडकं ओलं कर म्हणून ओरडली ती मी होते."

ऐकलं की नाही, माहीत नाही. तो हात मी उचलून खाटेवर ठेवला. दुपारी गेला. वरच गेला.